वणव्यानंतरचा पाऊस आणि डोंगराखालची घरं

प्रश्न : सर, नमस्कार. पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही खारघरला चौथ्या मजल्यावर राहतो. ओट्याशी उभं राहिलं की समोर डोंगर. लेक-जावई अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सिएरा माद्रे गावात भाड्याच्या घरात राहतात. तिथेही घराच्या मागे डोंगरच आहे, सॅन गॅब्रिएलचा. लेकीच्या बाळंतपणासाठी मी डिसेंबरात तिकडे गेले. ७ जानेवारी २०२५ला ईटन नावाची आग लागली, तेव्हा तिला नववा चालू होता. आम्ही रात्रीच निघालो आणि जावयांच्या मित्राकडे दहा दिवस काढले. घर वाचलं. नात जन्मली, आम्ही परत आलो. मागचा डोंगर नुसता कोळसा झाला होता.

मग १३ फेब्रुवारीला पाऊस आला. मोबाइलवर कर्कश भोंगे वाजत होते, घर सोडायची तयारी ठेवा म्हणून. मी खिडकीतून पाहिलं तर आपल्याकडे श्रावणात येते तशी सर. मीच जावयांना म्हटलं, 'एवढ्याशा पावसाला तीन आठवड्यांचं बाळ घेऊन कुठे बाहेर पडता?' माझा मान राखून ते थांबले. तासाभरात वरच्या गल्लीतून घरघर ऐकू आली. आधी वाटलं, कचऱ्याची गाडी असेल. काळा चिखल, त्यात ओंडके आणि दगड. आमच्या अलीकडच्या दुसऱ्या घरापाशी तो वळला. आम्हाला काही झालं नाही, पण तेव्हापासून मला झोप लागत नाही.

मे महिन्यात मी परत आले. पाहते तर आमचा खारघरचा डोंगरही वणव्याने काळा पडलेला! तो दरवर्षीच जळतो, पण मी आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मुसळधार सुरू झालाय. इथेही तसाच चिखल येईल का? आणि मुलांनी त्या घराचा करार पुढे वाढवावा की नाही? जावई म्हणतात, जळायचं ते जळून गेलं, आता कसली भीती?

— एक आजी, खारघर

उत्तर : ताई, 'एवढ्याशा पावसाला' हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. आधी त्याविषयीच लिहितो, कारण तुमची झोप तिथेच अडली आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि मी तर तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं आहे. आपण कोकणपट्टीची माणसं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लॉस एंजेलिसला एवढा पाऊस पडायला सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो. डोळ्यांनी जुलै पाहिला की मग तिकडची सर सरच वाटणार. तुमचा अंदाज इथल्या डोंगराला धरून बरोबरच होता. तो डोंगर वेगळा होता आणि नुकताच जळलेला होता, एवढंच.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, नोंदवलेला आकडा सांगतो. दक्षिण कॅलिफोर्नियात नुकत्याच जळलेल्या उतारांवर अर्ध्या तासात अवघा ७ मिलिमीटर पाऊस झाला आणि चिखल-दगडांचा लोंढा सुटला, असं घडलेलं आहे. आपल्याकडे अशा सरीला कोणी पावसात धरत नाही. तिथे दिवसभरात किती पडला याला फारसा अर्थ नसतो. दहा-पंधरा मिनिटांत किती ओतला, यावर सगळं ठरतं. म्हणून खिडकीतून पाऊस पाहून निर्णय घेता येत नाही. सर जोर धरते तेव्हा निघायची वेळ टळून गेलेली असते.

असं का होतं, तेही सांगतो. त्या डोंगरांवर बुटक्या, चिवट झुडपांचं दाट रान असतं. त्यांच्या पानांत मेण आणि राळ भरपूर. असं रान धडाडून पेटलं की त्या मेणाची वाफ होते. ती थोडी हवेत जाते, थोडी जमिनीत उतरते आणि दोन-चार बोटं खाली गेल्यावर थंड होऊन मातीच्या कणांवर बसते. मातीला जणू तेलाचा हात फिरवल्यासारखं होतं. वर राख, खाली हा पाणी न पिणारा थर. थेंब अडवायला पान नाही, पाचोळा नाही. मग पडलेलं पाणी जवळजवळ सगळंच उतारावरून धावत सुटतं. आधी बोटाएवढे ओहोळ, मग घळी. घळीत पूर्वीच साठलेले दगडगोटे असतातच, ते उचलून पाणी खाली येतं. तोवर त्याचं पाणीपण उरलेलं नसतं, ओल्या काँक्रीटसारखा लगदा झालेला असतो. असा लोंढा ताशी ५५ किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. जड असल्यामुळे मोटारीएवढे धोंडे तो अंगावर घेऊन येतो. तुम्हाला जी कचऱ्याच्या गाडीची घरघर वाटली, ती दगडांवर दगड आपटल्याची होती.

ही गोष्ट हाताने करून पाहण्यासारखी आहे. गेल्या एप्रिलात मी तुमच्याच डोंगरावर, फणसवाडीच्या वाटेवर, खिशात औषधाचा ड्रॉपर घेऊन गेलो होतो. दोन-तीन दिवसांपूर्वी वणवा लागून गेला होता. चपलेखाली राख कुरकुरत होती. फुंकर मारून राख बाजूला केली आणि जळलेल्या गवताच्या बुडख्याशी एक थेंब सोडला. मी एक म्हणेपर्यंत तो जमिनीत गेला. दहा ठिकाणी सोडले, दहाही ठिकाणी माती प्यायली. मग थोडं वर एक पडलेलं झाड रात्रभर धुमसून राख झालेलं दिसलं. तिथली माती विटेसारखी तांबूस झाली होती. ती बोटभर खरवडली आणि खाली थेंब सोडला. तो अळवाच्या पानावर उभा राहावा तसा गोल, चकचकीत उभा राहिला. मी घड्याळ पाहत होतो. पाऊण मिनिट झालं तरी तो तसाच. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ थेंब टिकला की माती पाणी नाकारते आहे असं आमच्या शास्त्रात धरतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ड्रॉपरात आहे, पण त्याकडे नंतर येतो. आधी लेकीचं.

जळायचं ते जळून गेलं, हे जावयांचं म्हणणं आगीपुरतं खरं आहे. चिखलाचा धोका मात्र आगीनंतर सुरू होतो आणि साधारण पहिली दोन वर्षं सर्वांत जास्त असतो. त्या भागात पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल. म्हणजे पुढचा हिवाळा पूर्ण धोक्याचा आणि त्याच्या पुढचाही बेफिकीर राहण्यासारखा नाही. तिथे हे नवीनही नाही. नोव्हेंबर १९३३मध्ये सिएरा माद्रेच्या पश्चिमेला, ला क्रेसेंटाच्या वरचे डोंगर जळले. डिसेंबरच्या अखेरीस पाऊस लागला. मध्यरात्रीच्या सुमारास, १९३४ साल उजाडता उजाडता, घळींतून लोंढे सुटले आणि ४०हून अधिक माणसं गेली. त्यांतली बारा जण घर सोडून एका सभागृहात आसऱ्याला गेलेली होती. सभागृह भक्कम होतं, पण लोंढ्याच्या वाटेवर होतं. आसरा कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं, ते एवढ्यासाठी. त्यानंतर लॉस एंजेलिस परगण्याने घळींच्या तोंडाशी दगड-गाळ अडवणारी मोठी कुंडं बांधत नेली. लेकीच्या गावाच्या वरही अशी कुंडं आहेत. पण कुंड गाळाने भरलं की त्याचा उपयोग संपतो.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्याच माँटेसिटो गावाचं. थॉमस नावाची आग ४ डिसेंबर २०१७ला लागली. ती पुरती आटोक्यात यायच्या आधीच ९ जानेवारी २०१८च्या पहाटे जोराची सर आली आणि २३ जण दगावले. त्यांतले बरेचसे जण होते त्या भागात घर सोडायची सक्ती नव्हती, फक्त इशारा होता. तुमच्या मोबाइलवर वाजला होता तसाच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मुलांनी करार वाढवू नये. घर स्वतःचं असतं तर मी इतकं ठामपणे लिहिलं नसतं. तिथे कर्ज असतं, जीव अडकलेला असतो. भाड्याचं घर सोडता येतं, ही त्यांची मोठी सोय आहे. ऑक्टोबरच्या आत डोंगरापासून आणि घळींच्या तोंडांपासून लांब, सपाटीला जागा बघावी. तान्ह्या मुलीला घेऊन दोन हिवाळे भोंगे ऐकत काढण्यापेक्षा नोकरीला जायला अर्धा तास जास्त लागलेला परवडतो.

नाहीच जमलं तर इशाऱ्याचे दोन प्रकार नीट ओळखावेत. 'वॉर्निंग' म्हणजे तयारीत राहा आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनी आत्ताच निघा. 'ऑर्डर' म्हणजे सगळ्यांनी निघा. बाळ असलेलं घर हे वेळ लागणारं घर. त्यांच्यासाठी वॉर्निंग हीच ऑर्डर. आणि निघायचं ते सर यायच्या आधी, दिवसाउजेडी. घर कोणत्या झोनमध्ये येतं हे तिथल्या जेनासिस प्रोटेक्ट या ॲपवर दिसतं. ईटनच्या जळलेल्या डोंगरात कुठल्या घळीला किती धोका आहे, याचा नकाशाही यूएसजीएसने काढला आहे. जावयांनी तो एकदा उघडून आपल्या गल्लीच्या डोक्यावर कोणती घळ येते ते पाहावं. माझ्या लिहिण्यापेक्षा तो नकाशा त्यांना लवकर पटेल. अग्निशमन केंद्रांवर वाळूच्या पिशव्या फुकट मिळतात. त्यांनी पातळ चिखल दारातून वळवता येतो, धोंडे अडत नाहीत. अडकलेच तर डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, वरच्या मजल्यावर जावं. वाहत्या चिखलात गाडी कधीही घालू नये. घरमालकाच्या विम्यात भाडेकरूचं सामान येत नाही. तिथल्या सरकारी पूरविम्यात सामानापुरतं संरक्षण घेता येतं, पण तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. तेव्हा ढग पाहून धावण्यात अर्थ नाही.

आता आपला डोंगर.

ड्रॉपरने मला जे दाखवलं ते असं. आपल्याकडचा वणवा बहुतेक गवताचा. तो वाऱ्याबरोबर पळतो, एका जागी काही मिनिटंच थांबतो. माती वरवर भाजते, आतपर्यंत तापत नाही. गवताची मुळं जिवंत राहतात आणि पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत डोंगर हिरवा होतो. आता तुमच्या खिडकीतून तो तसाच दिसत असेल. त्यामुळे सिएरा माद्रेसारखा, सरीबरोबर सुटणारा लोंढा खारघरला येण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. ही भीती तुम्ही तिकडून सोबत आणली आहे, ती मनातून काढून टाका.

पण म्हणून आपला डोंगर निर्धोक नाही. त्याची धोका द्यायची रीत वेगळी आहे. तिथे पाणी जमिनीत शिरत नाही म्हणून वरची माती वाहून येते. इथे पाणी आठवडाभर शिरतच राहतं, खालच्या कातळाशी साचतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की वरचा मातीचा थर सुटतो. माळीण गेलं ३० जुलै २०१४ला, तळिये २२ जुलै २०२१ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. तारखा पाहा, सगळा जुलै. पहिल्या पावसात नाही, डोंगर पिऊन तुंबल्यावर. इर्शाळवाडी तुमच्यापासून काही फार लांब नाही. तिथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. ठाण्याजवळ कळव्याला घोलाईनगरात १९ जुलै २०२१ला दरड घरावर आली आणि पाच जण गेले.

यात वणव्याचा हात आहे तो हळू चालणारा. दरवर्षी जळालं की गवत येतं, पण रोपटी मरतात. पाच-सात वर्षांचं झाड मुळांनी कातळाच्या फटी धरून ठेवतं, ते झाडच होऊ शकत नाही. जूनच्या पहिल्या पावसात उघडी माती आणि राख खाली येते. तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात नाल्याचं पाणी पाहिलं असेल, काळपट आणि दाट. तो गाळ रस्त्याखालच्या मोरीत बसतो आणि जुलैत तीच मोरी तुंबते. तुमच्या सोसायटीने मे महिन्यात एकदा नाला साफ झाला म्हणून स्वस्थ बसू नये. जूनचा गाळ उतरल्यावर मोरी पुन्हा पाहायला हवी, आणि ती अडली असेल तर पनवेल महापालिकेकडे लेखी तक्रार करायला हवी.

सगळ्यात जास्त मी घाबरतो ते कापलेल्या डोंगराला आणि त्याला टेकवलेल्या भिंतीला. मी ठाण्यात डोंगराच्या कडेला राहतो. आमच्या संरक्षक भिंतीला हात-दीड हात अंतरावर नळ्या आहेत, मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून. चार वर्षांपूर्वी रंगकाम झालं. नव्या रंगावर ओघळ दिसतात म्हणून कामगारांनी त्या नळ्यांवर सिमेंट थापलं. बैठकीत कोणी काही बोललं नाही, मीही बोललो नाही. जुलैत भिंतीला पोट आलं. हात ठेवला तर भिंत गार आणि ओली, आणि एका बुजवलेल्या नळीच्या कडेने सुतासारखी पाण्याची धार जोराने उडत होती. त्याच पावसात आम्ही छिन्नीने नळ्या उघडल्या. पहिली नळी उघडली तेव्हा तांबडं पाणी दीड हात लांब उडालं आणि बराच वेळ उडत राहिलं. तळमजल्यावरची दोन कुटुंबं आम्ही त्या रात्री वर आणली.

तेव्हा ताई, तुम्ही डोंगराचा रंग पाहू नका, भिंत पाहा. सोसायटीच्या मागे भिंत असेल तर तिच्या नळ्यांतून पावसात पाणी येतंय ना, ते बघा. येत असेल तर चांगलं. भर पावसात कोरड्या राहिल्या तर कोणाला तरी बोलवा. उतारावर नवी भेग, कललेला खांब, जिथे कधी नव्हता तिथे फुटलेला झरा, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि पाऊस तेवढाच असताना नाल्याचं पाणी एकाएकी आटलं तर ते फार वाईट लक्षण. वर कुठेतरी ते अडलं आहे आणि सुटणार आहे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, फ्रिजवर लिहून ठेवा.

चौथ्या मजल्यावर तुम्ही स्वतः बऱ्यापैकी सुरक्षित आहात. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं घर कुठे आहे, तेवढं मात्र एकदा विचारा. डोंगराच्या कुशीतल्या वस्तीत असेल तर हा सगळा मजकूर त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.

प्रश्न : येऊरच्या बाजूचा एक उतार यंदा जळला. आमचा गट जुलैत तिथे खड्डे खणून झाडं लावणार आहे. कोणती लावावीत?

— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : या जुलैत खड्डे खणू नका. येऊरचा बराचसा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. शिवाय जळलेल्या तीव्र उतारावर भर पावसात शेकडो खड्डे म्हणजे पाणी आत सोडायला शेकडो तोंडं. यंदा गवताला उतार धरू द्या. जळालेली बुडखी मेलेली नसतात, बरीचशी झाडं बुंध्यापासून आपणच फुटतील. त्यांतली किती फुटली हे सप्टेंबरात मोजून ठेवा.

तुमच्या गटाचं खरं काम पावसानंतरचं आहे. गवत वाळून कडक व्हायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढल्या जाव्यात म्हणून दिवाळीच्या सुमारास वनविभागाकडे अर्ज करा आणि श्रमदानाला माणसं द्या. पाड्यावरच्या लोकांना सोबत घ्या. वणवा कुठून चढतो हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, आणि विझवायला झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन पहिले तेच धावतात. धूर दिसला की १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. एवढं करून तो उतार सलग तीन उन्हाळे जळला नाही, तर झाडं कोणती लावायची हा प्रश्न मला पुन्हा विचारा. मी ड्रॉपर घेऊन तुमच्याबरोबर येईन.